कंसातली दोन वाक्यं

ताई,
लग्नाला अकरा वर्षं झाली. सासरे गेल्यामुळे वर्षभर कुठे जाता आलं नव्हतं, म्हणून मुलीला माझ्या आईकडे ठेवून आम्ही दोघंच तीन दिवस कोचीला जाऊन आलो. दोन महिने आधीपासून सगळं मी ठरवलं होतं. सेंट फ्रान्सिस चर्चला अर्धा तास, मट्टनचेरीचा राजवाडा, ज्यूंचं परदेशी सिनेगॉग, संध्याकाळी कथकळी. पण नवऱ्याचं लक्षच नव्हतं. सिनेगॉगच्या आत न येता बाहेर बसून राहिला. मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी फोटो काढायचे तर पाऊण तास नुसता बघत उभा. बोटीतून एर्नाकुलमला जातानाही मी दाखवतेय त्याच्या उलट्या बाजूला नजर. (सासरे नौदलात होते, याची तिसरी-चौथी कोचीलाच झाली, तेव्हा त्याला सगळं पाहिलेलंच वाटत असेल. निघायच्या आधी एकदा म्हणाला होता, जुनी क्वार्टर्स बघून येऊ, पण त्या दिवशी कथकळी होती.) आल्यापासून अबोला आहे. एवढं करूनही माणूस खूश होत नसेल तर बायकोने आणखी करायचं तरी काय?
एक वाचक

तुम्ही कंसात टाकलेल्या दोन वाक्यांनाच मी उत्तर देणार आहे. बाकीचं पत्र बाजूला ठेवलं आहे.

वडील जाऊन वर्ष झालंय. ज्या गावात त्याने वडिलांना रोज ड्यूटीवरून घरी येताना पाहिलं, त्याच गावात तुम्ही त्याला घेऊन गेलात आणि तिथे तीन दिवसांत वडिलांसाठी एक तास काढला नाहीत. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं बघायला मात्र अर्धा तास होता. तो 1524 मध्ये कोचीत वारला, तिथेच त्याला पुरलं, पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. म्हणजे त्या रिकाम्या जागेपाशी तुम्ही नवऱ्याला उभं केलंत. त्या वेळी त्याच्या मनात काय चाललं असेल, हे पत्र लिहितानासुद्धा तुमच्या ध्यानात आलं नाही, याचा मला खरंच राग आला.

‘सगळं पाहिलेलंच वाटत असेल’ असं तुम्ही लिहिता. आठ वर्षांच्या मुलाने काय पाहिलेलं असतं? राजवाड्यातली भित्तिचित्रं आणि सिनेगॉगच्या निळ्या चिनी फरश्या त्याच्या लक्षात राहत नाहीत. त्याने स्वतःची गल्ली पाहिलेली असते, शाळेची बस, दोरीवर वाळत घातलेला वडिलांचा पांढरा गणवेश. आणि ती जाळी. चार-पाच माणसं दोर ओढायला लागली की दोरांना टांगलेले मोठाले दगड एकामागून एक खाली येतात आणि तिकडे खोलीएवढं जाळं पाणी गाळत वर निघतं. लहान मूल तिथून हलत नाही. कोणीतरी हाताला धरून त्याला घरी न्यावं लागतं. तुमच्या नवऱ्याला कोण नेत असेल? पाऊण तास तो कोणासाठी उभा होता, हे तुम्ही शेजारी उभं राहूनही विचारलं नाहीत, कारण उजेड जाण्याआधी फोटो व्हायचे होते.

बोटीत तो कुठे बघत होता तेही सांगते. त्या वाटेवर विलिंग्डन बेट लागतं. गेल्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरच्या देखरेखीखाली बंदर खोल करताना जो गाळ उपसला, त्यातून ते बेट उभं राहिलं. नौदलाचा तळ त्याच बेटावर आहे, दक्षिण विभागाचं मुख्यालयही तिथेच. तुमच्या दृष्टीने ती उलटी बाजू होती. त्याचं घर तिकडे होतं.

त्याने स्पष्ट सांगायला हवं होतं, असं तुम्हाला मैत्रिणी नक्की सांगतील. अहो, सांगितलं की! निघायच्या आधी सांगितलं, ‘बघून येऊ’ म्हणाला. वडील गेलेल्या माणसाने आपल्याच बायकोकडे अशी मागणी दोनदा करायची? पहिल्यांदा नाही म्हटल्यावर तो गप्प बसला, तुमचा कार्यक्रम बिघडू दिला नाही, कथकळीलाही आला. तुम्ही ज्याला त्रागा समजताय ते मला त्याचं सोसणं वाटतं. वर्षभर घरात कार्यं झाली असतील, माणसं येऊन गेली असतील. त्या सगळ्यात त्याला मोकळेपणी रडायला कुठे जागा मिळाली का, हे तुमच्या अख्ख्या पत्रात नाही.

तुमची मेहनत मला दिसते. दोन महिने तुम्ही खपलात. पण तुम्ही ट्रिप बघत होतात, माणूस नाही.

आता एकच करा. पुन्हा कोचीला जा. येत्या दिवाळीची वाट बघू नका, याच महिन्यात, दोघंच. आज रात्री जेवणं झाली की तुम्हीच अबोला सोडा आणि विचारा, ‘तुमच्या क्वार्टरचा नंबर काय होता?’ तो कदाचित पटकन बोलणार नाही. बोलेपर्यंत शेजारी बसून राहा, मध्येच भांडी घासायला उठू नका. बोलायला लागला की ‘मग तेव्हाच का नाही म्हणालास’ हे वाक्य गिळा, कितीही ओठांवर आलं तरी.

नौदलाच्या हद्दीत सहजासहजी आत सोडत नाहीत, तेव्हा क्वार्टर दिसेलच असं धरून चालू नका. फाटकापर्यंत जाता येईल, त्या रस्त्याने चालता येईल, शाळा कुठे होती ते त्याला शोधता येईल. सापडली नाही तरी शोधू द्या. घड्याळ बघू नका आणि त्याने स्वतःहून म्हटल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका.

दिवस धरा शुक्रवार आणि शनिवार. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी, त्यामुळे मागच्या वेळची यादी पुन्हा हातात घ्यायचा मोह तुम्हाला होणार नाही. तिकिटं मात्र त्यालाच काढू द्या, आणि उतरल्यावर आधी कुठे जायचं तेही तोच सांगेल.