६८ हजारांची यादी आणि हॉस्पिटलचा एक कागद

तुझी यादी मी दोनदा वाचली. कॉट १६ हजार, स्ट्रॉलर ११ हजार, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, बाळाचं छोटं कपाट, दीड डझन फ्रॉक, असं करत करत ६८ हजार. हाताशी शिल्लक ४० हजार. तुझा पगार १९ हजार, अहोंचा ३३ हजार आणि घराचा हप्ता १५ हजार. पाचवा महिना चालू आहे, बाळंतपणाची तारीख ऑगस्टमधली. आणि विचारलं आहेस की यातलं काय कुठे स्वस्त मिळेल.

ताई म्हणून विचारलंस, तर स्पष्टच सांगते. ही यादी बाजूला ठेव. पहिल्या बाळंतपणात घर अडचणीत येतं ते हॉस्पिटलच्या बिलामुळे आणि नंतरच्या तीन-चार महिन्यांमुळे. वस्तूंचा वाटा त्यात फार थोडा असतो. माझी थोरली २०१५ ची. तिच्या सगळ्या वस्तूंना मिळून नऊ हजारसुद्धा लागले नव्हते. पण हॉस्पिटलने तोंडी सांगितलं होतं, 'सिझर झालंच तर ६० हजार', आणि बिल झालं ९४ हजार.

कसं झालं ते ऐक, कारण तुझ्या बाबतीत हे टाळता येण्यासारखं आहे. मला रात्री दाखल केलं तेव्हा दोन खाटांची खोली रिकामी नव्हती. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, स्वतंत्र खोली घ्या, दिवसाला बाराशेच जास्त पडतील. आम्ही हो म्हटलं. बाराशे रुपयांचा फरक फक्त खोलीचा होता. खोलीचा वर्ग चढला की डॉक्टरांच्या भेटीचा दर चढतो, नर्सिंगचा चढतो, ऑपरेशन थिएटरचा चढतो, भूल देणाऱ्या डॉक्टरांचाही चढतो. त्यात बाळाला कावीळ निघाली, दोन दिवस दिव्याखाली ठेवलं, त्याचं बिल वेगळं. रात्री साडेअकराला माझा दीर एटीएमच्या दुसऱ्या खेपेला गेला आणि हात हलवत परत आला, कारण कार्डाची त्या दिवसाची मर्यादा संपली होती. मी टाके सांभाळत पडले होते आणि बाहेर पैशांची कुजबुज ऐकू येत होती. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

तेव्हा या आठवड्यात अहोंना बरोबर घेऊन हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात जा. नॉर्मल आणि सिझर, दोन्हींचा अंदाज प्रत्येक वर्गाच्या खोलीसाठी लिहून माग. त्यात औषधं धरली आहेत का, बाळाच्या डॉक्टरांची फी धरली आहे का, बाळाला काचेच्या पेटीत किंवा दिव्याखाली ठेवावं लागलं तर दिवसाचे किती, दाखल होताना अनामत किती आणि आपल्या वर्गाची खोली रिकामी नसेल तर वरच्या खोलीत कोणत्या दराने ठेवतील, हे सगळं त्याच कागदावर येऊ दे. विचारायला लाजू नकोस. चांगली हॉस्पिटलं लिहून देतात. जिथे 'ते तेव्हा बघू' म्हणतात, तिथे मी तरी नाव घालणार नाही.

अहोंच्या कंपनीचा गटविमा आहे म्हणालीस. त्यात बाळंतपणाची मर्यादा वेगळी असते, पॉलिसी तीन लाखांची असली म्हणून बाळंतपणाला तीन लाख मिळत नाहीत. ती रक्कम एचआरकडून लेखी घे. खोलीच्या भाड्याची मर्यादाही विचार. समज मर्यादा दिवसाला ३ हजारांची आहे आणि तू ६ हजारांची खोली घेतलीस, तर विमा कंपनी फक्त खोलीचे वरचे ३ हजार कापून थांबतेच असं नाही. डॉक्टरांची फी, थिएटर असले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने कापले जाऊ शकतात. औषधं आणि तपासण्या त्यातून सुटतात. बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, आणि त्याचं नाव किती दिवसांत कळवायचं, हेही विचारून ठेव. आता नवीन पॉलिसी काढून मात्र उपयोग नाही. वैयक्तिक विम्यात बाळंतपणासाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो या बाळाला लागू पडायचा नाही.

आता तुझ्या १९ हजारांबद्दल. तू लिहिलंस की कंपनीत रजेचं विचारायची भीती वाटते, पगार थांबेल असं मैत्रीण म्हणाली. तुझी पगाराची चिठ्ठी काढ आणि ईएसआयसीची, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात बघ. २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती योजना लागू असते आणि पगाराच्या ०.७५ टक्के कापले जातात. १९ हजारांवर म्हणजे महिन्याला १४३ रुपये. ते कापले जात असतील तर बाळंतरजेचे २६ आठवडे सरासरी पगाराइतके पैसे तुला ईएसआयसीकडून थेट बँकेत मिळतात. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. आधीच्या दोन अंशदान काळांत (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. तू तिथे तीन वर्षं आहेस, सलग कामावर असशील तर अडचण नाही. ईएसआयसीच्या हॉस्पिटलात बाळंतपणाचा खर्चही पडत नाही. एकदा जाऊन बघून ये, मग नको वाटलं तर नको. आणि कपात नसेल, तरी दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा द्यावीच लागते. माझ्या थोरलीच्या वेळी १२ आठवडेच होती, २६ झाली ती एप्रिल २०१७ पासून. रजेचा अर्ज ईमेलने कर, म्हणजे तारीख राहते.

ईएसआयसीचे पैसे कागद जमा केल्यावर येतात, पहिल्या तारखेला पगार यावा तसे नाही. म्हणून ४० हजारांना हात लावू नकोस. आतापासून महिन्याला सहा हजार बाजूला काढलेस तर ऑगस्टपर्यंत ७० होतील. त्यातले ३० हजार म्हणजे घराचे दोन हप्ते, ते वेगळ्या खात्यात टाक. उरलेले अनामतीसाठी, आणि त्यातले थोडे रोख घरात ठेव.

काही ठिकाणी काटकसर करायचीच नाही. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का बघतात ती, साधारण १८ ते २० आठवड्यांची, ती चुकवू नकोस. साखरेची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा कर. पैसे ओढाताणीचे असले तर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही तिथे फुकट मिळतात आणि नाव नोंदवलं की माता व बालसंरक्षण कार्ड मिळतं. ते कार्ड खासगी डॉक्टरांकडे नाव असलं तरी काढ, पुढे लसींना लागतं. सरकारी हॉस्पिटलात तर जून २०११ पासून बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि तिथलं जेवण सगळंच मोफत आहे. माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर जिल्हा रुग्णालयात झालं. गर्दी होती, पण डॉक्टर उत्तम होते.

दुसरी न कापायची गोष्ट म्हणजे तुझी स्वतःची सेवा. पहिलं बाळंतपण माहेरी, पण तुझी आई एकटी आणि तिचे गुडघे दुखतात असं लिहिलंस. मग सव्वा महिना मालिशवाली बाई आणि वरकामाला कोणीतरी ठेवाच. स्ट्रॉलरचे ११ हजार तिथे लाव. डिंकाचे लाडू एकदम चार किलो करू नका, आमच्याकडे निम्मे खवट झाले. अळिवाची खीर आणि बाजरीची भाकरी स्वस्तही आणि अंगी लागणारीही. दूध येत नाही असं वाटलं तर पावडरच्या दुधाचा डबा आणायच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरला बोलावून बाळ नीट धरलंय का ते दाखवून घे. माझं तीन दिवस चुकतच होतं. तिने बाळाची हनुवटी छातीला टेकवून तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि चौथ्या दिवशी दूध उतरलं. एवढं करूनही डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर द्यायचं, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

वस्तूंचं थोडक्यात. तुझं बाळ भर पावसात येणार, तेव्हा लंगोट चार डझन हवेत, दोन डझन पुरणार नाहीत, कारण वाळत नाहीत. आजीची जुनी सुती लुगडी असतील तर तीच फाड, नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. फाडून गरम पाण्यात धू, इस्त्री फिरव. दुपटी सहा, झबली आठ, टोपडी तीन. रात्रीपुरते डायपर आण, छोट्या मापाचं एकच पाकीट, कारण महिन्याभरात माप बदलतं. फ्रॉक एकही घेऊ नकोस, बारशाला इतके येतात की माझ्या लेकीचे चार लेबलासकट लहान झाले. पाळणा नात्यात कुणाकडे तरी माळ्यावर असतोच. आणलात तर कड्या आणि दोर नवे घाला. बाटल्या लागल्याच तर पातेल्यात उकळ, यंत्र नको.

डोहाळजेवणाला हॉल घ्यायचं सासूबाईंच्या मनात आहे ना? त्यांना दुखवू नकोस. घरातच फुलांची वाडी भरा, ओटी भरा, जवळची पंचवीस माणसं बोलवा. आणि काय आणू विचारणाऱ्या मावशी-आत्यांना मोकळेपणाने सांग की लंगोट आणा, डायपर आणा. त्यांनाही बरं वाटतं.

लसींचं अजून लांब आहे, पण अनेक घरांचे पैसे तिथे जातात म्हणून सांगते. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), रोटाव्हायरस, न्यूमोनियाची, गोवर-रुबेलाची, सगळ्या सरकारी केंद्रात मोफत आहेत. माझ्या धाकट्याच्या सगळ्या महापालिकेच्या दवाखान्यात झाल्या. खासगीत पेंटाव्हॅलंटच्या जागी जी 'न दुखणारी' म्हणून देतात, तिने ताप कमी येतो एवढाच मोठा फरक. तापाचं औषध किती द्यायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं. आणि जन्माची नोंद २१ दिवसांत झाली की नाही ते बघा. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.

हॉस्पिटलचा तो कागद मिळाला की खोलीचे दर आणि विम्याची मर्यादा मला कळव. कुठल्या वर्गाची खोली घ्यायची ते आकडे समोर ठेवून ठरवू.