स्पेनमधल्या आल्मेरियाला पहिल्यांदाच जातोयस? मग हे वाच

अरे मस्तच! फक्त सगळी लोकेशन्स बघायचा हट्ट सोड, दोन दिवसांत तीनच पक्की कर, पहिल्या ट्रिपला बास.

१) तबेर्नासचं वाळवंट, शहरापासून साधारण ३० किमी. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने १९६०च्या दशकात वेस्टर्न (काउबॉयवाले सिनेमे) शूट केले ते इथेच, लाकडी सलून (म्हणजे दारूचा गुत्ता), बँक असे सेट अजून उभे आहेत, पाय ठेवला की फळ्या करकरतात, फार भारी वाटतं! नवीन लोक नेमके भर दुपारी आणि अर्धा लिटर पाणी घेऊन जातात, सावली नावालाही नसते. सकाळीच पोच.

२) मोन्सूल बीच. 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड'मध्ये (१९८९) शॉन कॉनरी छत्री उघडून पक्षी उडवतो ना, तोच. उन्हाळ्यात गाड्या मोजक्याच सोडतात, सान होसे गावातून बस पकड.

३) अल्काझाबा, दहाव्या शतकातला किल्ला. सोमवारी बंद असतो, त्यामुळे वार बघूनच प्लॅन कर.

आणि कार भाड्याने घेच, बसवर अवलंबून राहिलास तर अर्धा दिवस वाट बघण्यात जातो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघायच्या आधीच आपल्या आरटीओतून काढून ठेव, तिथे गेल्यावर काही करता येत नाही.