वाचक विचारतात : स्कायवरची छप्पर नसलेली घरं

प्रश्न : मुलगा ग्लासगोला असतो, मे महिन्यात त्याच्याकडे गेलो तेव्हा स्कॉटलंडच्या स्काय बेटावर तीन दिवस फिरलो. सगळीकडे कुरणं, मेंढ्या, आणि मधेच छप्पर नसलेल्या घरांच्या नुसत्या दगडी भिंती. ड्रायव्हर म्हणाला, माणसं हाकलली आणि मेंढ्या आणल्या. पुढे असंही म्हणाला की गेलिक (तिथली जुनी भाषा) बोलणाऱ्या माणसाच्या नावावर जमीन कधी नव्हतीच. नावावर नव्हती तर मग तक्रार कसली? आणि आपल्या कूळ कायद्यासारखं तिकडे काही झालं का?
– एक निवृत्त तलाठी, सातारा

उत्तर : भाऊसाहेब, प्रश्न बरोब्बर तुमच्या खात्यातला काढलात! गेलिकमध्ये 'दूखस' म्हणून एक शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या एका जागेशी जडलेलं नातं आणि त्या नात्यामुळेच तिथे राहायचा हक्क, दोन्ही त्यात येतं. म्हणजे आजा-पणजा इथे राबले, इथेच पुरले, क्लॅनच्या, म्हणजे आपल्या भावकीच्या, सरदारासाठी लढले, म्हणून मी इथला. कागद कुठाय? नाहीच. कागद सरदाराकडे, आणि लोकांची समजूत अशी की तो आपल्या सगळ्यांच्या वतीने जमीन सांभाळतोय. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट अख्ख्या गावाची, असं समजा. पुढे काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार.

1746 ला ब्रिटिश राजाविरुद्ध उठलेले क्लॅन कलोडनची लढाई हरल्यावर सरदारांचे जुने अधिकार गेले, पदरी किती माणसं आहेत यापेक्षा खंड किती येतो हे महत्त्वाचं झालं आणि मेंढ्यांवाला खंड जास्त द्यायचा. मग गावंच्या गावं उठवली. उत्तरेकडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात 1814 आणि 1819 ला घरं जाळली, तिथल्या पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर 1816 ला खटला चालला, सुटला. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची, की हाकलणारे सगळे काही परके इंग्रज नव्हते हो, बऱ्याच ठिकाणी क्लॅनचेच सरदार होते, ज्यांना लोक बापासारखं मानायचे.

आणि हे आपल्यापासून वाटतं तितकं लांबही नाही. 1803 ला असईला, म्हणजे आत्ताच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रजांच्या वेलस्लीच्या बाजूने 78वी हायलँडर पलटण होती, ती याच गेलिक मुलखात उभी केलेली. पोरगा पलटणीत दे, तुझी जमीन राहील, असे व्यवहार तेव्हा तिकडे सर्रास चालायचे. शब्द किती पाळले गेले ते तुम्ही त्या भिंतींवरून बघितलंच.

आता कायदा. स्कायवरच पोर्ट्री गावाच्या दक्षिणेला ब्रेज म्हणून वस्ती आहे. बेन ली डोंगरावरची चराई जमीनदाराने काढून घेतली म्हणून लोकांनी खंड बंद केला, घर सोडायच्या नोटिसा आल्या त्या जाळल्या, आणि एप्रिल 1882 ला ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आले तेव्हा बायका दगड घेऊन पुढे. त्यावर 1883 ला या कुळांच्या तक्रारींची चौकशी करायला नेपियर कमिशन बसलं आणि 1886 ला क्रॉफ्टर कायदा झाला. क्रॉफ्ट म्हणजे घराभोवतीचा जमिनीचा तुकडा अधिक डोंगरावरच्या सामायिक चराईत वाटा. आपल्याकडे 'कसेल त्याची जमीन' झालं तसं मात्र नाही हां. तिकडे कुळाला मालकी दिलीच नाही, कुणी उठवायचं नाही, खंड वाजवी ठेवायचा, आणि हक्क वारसाला जाणार, एवढंच दिलं. विकत घ्यायचा हक्क पार 1976 ला आला. गावांनी एकत्र येऊन जमीन घेतल्याची उदाहरणं पण आहेत, 1993 ला उत्तरेकडच्या असिंट भागातल्या क्रॉफ्टरांनी घेतली, 1997 ला एग बेटाच्या लोकांनी अख्खं बेट.

जुनी वहिवाट कशी चालते ते बघायचं तर पुढच्या वेळी लुईस बेटावर जा, मेमध्येच जा. पीटवाल्या माळावर (पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठलेला वनस्पतींचा थर, वाळला की जळण) प्रत्येक घराचा चर ठरलेला असतो. लांब दांड्याच्या तारस्केर नावाच्या अवजाराने एकजण विटेसारखा काळा ओला तुकडा कापतो, दुसरा तो उचलून बाजूला टाकतो. थोडे वाळले की तीन-चार तुकडे उभे टेकवून वर एक आडवा ठेवतात, वारा खेळावा म्हणून. मग घराशेजारी उडवी, आणि रचणाऱ्याचा हात कसा आहे ते अख्खं गाव जाता-येता बघून घेतं.

प्रश्न : गेलिक शिकायची खूप इच्छा आहे, कुठून सुरुवात करू?
– कॉलेजकन्या, डोंबिवली

उत्तर : ड्युओलिंगोवर 2019 पासून आहे, फुकट, ते कर आधी. स्पेलिंगवर जाऊ नकोस, 'बी' आणि 'एच' लागोपाठ आले की बहुतेक वेळा 'व' म्हणायचं. आणि आपले रंग जरा बाजूला ठेव, कारण 'गोरोम' म्हणजे निळा पण आणि गवताचा हिरवा पण. एक शब्द तर तुला आत्ताच येतो, 'मखर', फक्त तो ख घशातून काढायचा. तिकडे त्याचा गणपतीशी काही संबंध नाही, शिंपल्यांच्या वाळूवर तयार झालेली किनाऱ्याची सपाट सुपीक जमीन, समुद्री शेवाळाचं खत घालून लोक तिथे पिकं घ्यायचे. पुढे खरंच शिकायचं ठरलं तर स्कायवर पूर्ण गेलिकमधून शिकवणारं कॉलेज आहे, 1973 पासूनचं, सावल मोर ओस्टिग. नावाचा अर्थ ओस्टिगचं मोठं कोठार, कारण सुरू झालं ते खरोखरच शेतावरच्या जुन्या कोठारात.