सरावासाठी व्हर्च्युअल मशीन

आरएचसीएसए या रेड हॅट कंपनीच्या लिनक्स परीक्षेच्या तयारीसाठी वेगळा संगणक घेण्याची गरज नाही; आहे त्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करून आणि व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तुम्ही दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी संगणक, उभी करू शकता. रॅम मात्र १६ जीबी असलेली बरी. ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेणार असाल, तर लॅपटॉप सोबत न्यावा आणि दुकानातच बसवून पाहावी.

खरा फायदा स्नॅपशॉटचा, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवून नंतर तिच्यावर परतण्याचा, आहे. इन्स्टॉलेशन पूर्ण होताच एक स्नॅपशॉट घ्यावा आणि मग मुद्दाम मोडतोड करावी. सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये चुकीचा यूयूआयडी (डिस्कच्या भागाचा ओळख क्रमांक) लिहून मशीन रीबूट केले, की ते इमर्जन्सी मोडमध्ये अडकते; तेथे रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याचा, पासवर्ड देऊन ती ओळ दुरुस्त करता आली पाहिजे, लगेच स्नॅपशॉटवर परतणे ही पळवाट झाली. या परीक्षेत प्रत्यक्ष काम करून दाखवायचे असते आणि केलेले बदल रीबूटनंतरही टिकावे लागतात, म्हणून प्रत्येक सराव रीबूटनेच संपवावा.

विंडोज सर्व्हरचाही सराव करायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टची १८० दिवसांची मूल्यमापन आवृत्ती पुरते. डीएचसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरील उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटण्याचा, सराव मात्र इंटर्नल नेटवर्कवरच (फक्त व्हर्च्युअल मशीनमधल्या नेटवर्कवर) करावा, नाहीतर घरातल्यांचे मोबाइल तुमच्याच सर्व्हरकडून आयपी पत्ते घेऊ लागू शकतात.