कॅम्पसवरच्या खेळ-मनोरंजन विभागाने संशोधनाला पाठबळ द्यायचं, तर पैसा नेमका कुठे घालावा?

तुम्ही तीन पर्याय विचारलेत: प्राध्यापकांना छोटी अनुदानं, विद्यार्थ्यांसाठी मनगटी यंत्रं, किंवा बाहेरच्या एजन्सीकडून सर्व्हे. माझ्या मते पहिला पैसा यातल्या कशावरच नको. तो सांख्यिकी नीट येणाऱ्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या तासांवर घाला. तुमच्या दारातल्या कार्ड-मशीनमध्ये आधीच साचलेली माहिती त्याला निस्तरू द्या. अनुदानांचं नंतर बघू.

कारण असं, की या क्षेत्रातला सगळ्यात लाडका निष्कर्ष याच माहितीवर उभा असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा उभा असतो. वार्षिक अहवालात तो आलेख ठरलेला: जिमला जास्त येणाऱ्यांचे मार्क जास्त, गळती कमी. कुलगुरू खूश, इमारतीचा निधी मंजूर. पण हा आलेख खरवडून बघा.

स्वाइप म्हणजे व्यायाम नव्हे. बाटली आणायला बाहेर जाऊन परत आलेल्याचे दोन स्वाइप पडतात, म्हणून एका माणसाचा एका दिवसात एकच मोजा. विभागात शिफ्ट करणारे विद्यार्थी-कर्मचारी रोज कार्ड लावतात आणि ‘सर्वाधिक येणारे’ या गटात जाऊन बसतात. त्यांची यादी घेऊन ते आधी वगळा. उघड्या मैदानावरच्या आंतरवर्गीय सामन्यांना मशीनच नसतं. तिथे संघाची यादी हातानेच टिपावी लागते, नाहीतर रोज फुटबॉल खेळणारी पोरं ‘निष्क्रिय’ ठरतात.

खरी मेख पुढे आहे. तिसऱ्या आठवड्यात कॉलेज सोडणाऱ्याचे स्वाइप दोन. वर्षअखेर तो ‘कमी येणारे’ या गटातही असतो आणि गळालेल्यांतही. जिमला आला नाही म्हणून गळाला असं आलेखात दिसतं, प्रत्यक्षात गेला म्हणून स्वाइप थांबले. यावर उपाय साधा आहे, तरी अनेक अहवालांत तो दिसत नाही. फक्त पहिल्या सहा आठवड्यांचे स्वाइप मोजा, सहावा आठवडा संपताना पटावर असलेलेच विद्यार्थी घ्या आणि निकाल त्यानंतरचा पाहा. तुलनेत प्रवेशावेळचे गुण, हॉस्टेल की घर, नोकरीचे तास आणि पूर्णवेळ की अर्धवेळ एवढं तरी धराच. आलेखाची उंची बरीच बसेल. नाही बसली तर आनंदच आहे, पण आधी बसवून तर बघा.

एवढं करूनही मुळात उत्साही असलेलाच जिमला येतो, हा आक्षेप उरतोच. त्याला उत्तर म्हणजे चिठ्ठ्या. गिर्यारोहणाच्या सहलीला जागा २४ आणि अर्ज ६० असतील, तर ‘आधी येईल त्याला आधी’ बंद करा, सोडत काढा, आणि निवडलेल्या व न निवडलेल्या दोन्ही गटांना तीच प्रश्नावली तीनदा द्या: आधी, संपल्यावर, आणि सेमिस्टरच्या शेवटी. नाव लागूनही न गेलेला विद्यार्थी निवडलेल्यांतच मोजायचा, हलवायचा नाही. एका सहलीत आकडा तोकडा पडतो, तेव्हा चार-पाच तुकड्या एकत्र करा.

आकड्यांचा हिशेब आधीच करा. दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत, त्याच्या मापाच्या) ०.२ इतका लहान असेल, तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात साधारण ४०० जण लागतात. फरक ०.५ असेल तर ६४ पुरतात. शिवाय एका संघातली मुलं एकमेकांसारखी असतात. दहाच्या संघात ते साम्य (शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे अगदी सारखी) ०.०५ एवढं जरी धरलं, तरी ४०० चे ५८० होतात. सर्व्हेला पाचातला एक उत्तर देत असेल, तर त्या ५८० साठी २९०० जणांना विचारावं लागेल. नावं प्रवेश विभागाच्या पटावरून काढा. जिमच्या दारावर क्यूआर कोड चिकटवून केलेला सर्व्हे न येणाऱ्यांबद्दल अवाक्षर सांगत नाही.

यंत्रांवर, मनगटी असोत की कमरेची, माझा राग आहे, तो लपवत नाही. कमरेला लावायच्या हालचाल-मापकाचे नेहमीचे निकष घ्या: सात दिवस लावायचं, दिवसाला दहा तास लावलं तरच तो दिवस धरायचा, आणि असे किमान चार दिवस हवेत. बरेच विद्यार्थी तिथेच बाद होतात. सायकल आणि वजनं त्याला धड कळत नाहीत. त्यात हरवलेली यंत्रं वेगळीच.

संशोधनाने या क्षेत्राचं काय होतं, याचं उदाहरण त्याच्या इतिहासातच आहे. अमेरिकेतल्या विल्यम वॉसन यांना कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतल्या आंतरवर्गीय खेळांचा अभ्यास करायला अनुदान मिळालं. त्यातूनच १९५० साली न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात ११ महाविद्यालयांचे २२ प्रतिनिधी जमले आणि कॅम्पसवरच्या खेळ-मनोरंजनाची, आज ‘निर्सा’ म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली. म्हणून अनुदानं देऊच नका असं माझं म्हणणं नाही. द्या, पण करारात लिहून घ्या की निकाल शून्य आला, म्हणजे काहीच फरक दिसला नाही, तरी तो प्रसिद्ध होईल आणि विभागप्रमुखाला तो अडवता येणार नाही. हे कलम ज्यांना खुपतं त्यांना संशोधन नको असतं, जाहिरात हवी असते.

दोन गोष्टी राहिल्या. अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या सोयी किंवा पोहायला शिकवण्याचे वर्ग सोडतीत घालू नका, ते मागेल त्याला मिळायला हवेत. आणि कधीच न येणारे का येत नाहीत, हे आकडे सांगत नाहीत. कपडे बदलायच्या खोलीची लाज आहे की वेळ जुळत नाही, हे मुलाखतीतच कळतं. तासाभराची मुलाखत उतरवून घ्यायला चार ते सहा तास जातात, तेव्हा वीस मुलाखती ठरवल्यात तर शंभरेक तासांचा पगार आधीच बाजूला ठेवा. नीतिसमितीची परवानगी सेमिस्टर सुरू होण्याआधी घ्या, माहिती गोळा झाल्यावर ती सहसा मिळत नाही. मार्क आणि स्वाइप जोडायची किल्ली, म्हणजे कोणती नोंद कोणाची ते सांगणारी यादी, तुमच्या विभागात न ठेवता प्रवेश विभागाकडेच राहू द्या.