'पुनर्वापरित घटक' म्हणजे नक्की काय? (कारखान्यातल्या मराठीबद्दल)

डोंबिवलीच्या एकांनी विचारलंय की कंपनीच्या ट्रेनिंगच्या पुस्तिकेत 'पुनर्वापरित घटक वापरून सामायिक जुळणी रेषेसाठी उत्पादन आरेखन' असं छापलंय, लाइनवरची पोरं वाचून हसतात, तर यातलं चुकलंय काय आणि म्हणायचं काय.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो 'पुनर्वापर'. मुंबईत कुणालाही पुनर्वापराचा पार्ट म्हटलं की डोळ्यासमोर येतं कुर्ल्याचं जुन्या स्पेअरचं मार्केट, म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीचा काढलेला डायनामो, पुसूनबिसून ठेवलेला (आणि त्याच कुर्ल्यात एकेकाळी पद्मिनी बनायची, असो). इथे तसं काहीच नाहीये. इथे पार्ट कोरा करकरीत असतो, परत वापरतात ते त्याचं ड्रॉइंग, त्याची डाय (साचा), त्याच्या टेस्ट. जुन्या मॉडेलचा पार्ट नव्या मॉडेलात जसाच्या तसा घेतला तर गाड्यांच्या धंद्यातली माणसं त्याला सरळ 'कॅरीओव्हर पार्ट' म्हणतात, आणि एकाच वेळी दोन-तीन मॉडेलांत चालत असेल तर 'कॉमन पार्ट'. मराठीच हवं तर पहिल्याला 'आधीच्याच डिझाइनचा भाग' म्हणा, लांब आहे पण गैरसमज होत नाही, आणि दुसऱ्याला 'सामाईक भाग'.

'समान भाग' का नाही? कारण समान म्हटलं की फक्त सारखे दिसणारे दोन असाही अर्थ होतो. सामाईक म्हणजे दोघांच्या मालकीचं, चाळीतला नळ जसा. आता नळ एकच असतो आणि पार्टचे नग मात्र हजारो, तरी शब्द चालतो कारण वाटून घेतलेलं असतं ते डिझाइन. लाइन तर खरोखरच एक असते, तिला सामाईक म्हणायला काहीच हरकत नाही. 'सामायिक' चूक नाही, बरेच जण तसंच लिहितात, पण घाटकोपरच्या जैन शेजाऱ्यांना विचाराल तर सामायिक म्हणजे 48 मिनिटं एका जागी बसून करायची साधना :) म्हणून मी आपलं सामाईकच लिहितो.

'जुळणी' मात्र झकास शब्द आहे, तो ठेवाच. छापखान्यातही तोच चालतो, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा तो जुळारी, आणि अजूनही पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर 'अक्षरजुळणी' छापलेलं असतं. गंमत म्हणजे तिथे खराखुरा पुनर्वापर होता, फॉर्म (जुळवून बांधलेली पानं) छापून झाला की खिळे सोडवून परत खणात टाकायचे आणि पुढच्या मजकुराला तेच. 'रेषा' काढून टाका, भूमितीत शोभते, कारखान्यात लाइनच.

राहिला गाडीचा 'प्लॅटफॉर्म', म्हणजे वेगवेगळी मॉडेलं ज्या एका पायावर बनतात तो, तो प्रश्नात नाही पण पुढे येणारच, कारण मी एका बातमीत 'एकाच फलाटावर बनलेल्या दोन गाड्या' असं वाचलंय आणि दादर डोळ्यासमोर आलं. 'सांगाडा'ही पुरत नाही. फोक्सवॅगननं 2012 मध्ये आणलेल्या एमक्यूबी या प्लॅटफॉर्मचंच बघा, त्यात पुढच्या चाकांच्या अ‍ॅक्सलपासून पेडलपर्यंतचं अंतर ठरलेलं, बाकी चाकांमधलं अंतर, रुंदी वगैरे मॉडेलप्रमाणे बदलतं. म्हणजे ती काही एक उचलून दाखवता येईल अशी वस्तू नाही, मापं आणि जोडायच्या जागा ठरवून घेतलेला नियम आहे, आणि त्या जागा सारख्या असल्या की फिक्स्चर (जुळवताना भाग धरून ठेवणारे साचे) फारसे न बदलता लांब-आखूड गाड्या एकाच लाइनवरून जाऊ शकतात. चाकणला कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस अशा स्कोडा आणि फोक्सवॅगन या दोन ब्रँडच्या गाड्या याच्याच भारतासाठी केलेल्या आवृत्तीवर निघतात. याला मराठी शब्द कुणी सुचवला तर वाचायला आवडेल, तोवर प्लॅटफॉर्मच लिहा.

तर पुस्तिकेतलं वाक्य मी असं करीन: 'एकाच लाइनवर वेगवेगळी मॉडेलं जुळवता यावीत म्हणून सामाईक आणि आधीच्याच डिझाइनचे भाग घेऊन नवं मॉडेल कसं आखायचं'. मूळ वाक्यापेक्षा डबल झालं, पण पोरं हसणार नाहीत.