दहावा परत गेला, तू कधी जाणार?

बाळा, जय ख्रिस्त.

तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. शिबिरात शेवटच्या रात्री अकरा पोरं रडत पुढे आली, आता तीन चर्चच्या मंडळ्यांतून संदेश द्यायला बोलावणं आलंय, आणि तू विचारतोस, काका मला आतून भारी वाटतंय हे पाप आहे का? अरे पाप कसलं त्यात! लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातले, प्रभूने पाठवलेले ते सत्तर जणही आनंदानेच परत आले होते की. प्रभू फक्त एवढंच म्हणाला, भुतं तुमचं ऐकतात म्हणून नको, तुमची नावं स्वर्गात लिहिलीत म्हणून आनंद करा. तेव्हा खुश हो. आणि मग परत जा.

लूक 17 तुला पाठ आहे, दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला परत आला तो एकटा शोमरोनी. त्या नऊ जणांना आपण उगाच नालायक ठरवतो, प्रभूनेच सांगितलेलं याजकांना दाखवा, ते बिचारे तिकडेच चालले होते. सांगकाम्या माणसाचंच आभार मानायचं राहतं, त्याला कायम पुढचं काम असतं. मी त्या नऊतलाच, म्हणून बोलतोय.

1987 ची गोष्ट. आमच्या मंडळीत एक आजी होत्या. सभेच्या आधी बॅटरी घेऊन यायच्या, कुलूप काढायच्या, सतरंज्या अंथरायच्या, फाटकी बाजू मुद्दाम भिंतीकडे करायच्या आणि स्वतः त्या फाटक्यावर बसून माझ्यासाठी तासभर प्रार्थना. आठवडाभर माझ्या सभा गाजल्या, बाप्तिस्मे झाले, माझं नाव झालं. त्यांच्याकडे जायचं राहिलं. नोकरी होती, मग बदली झाली, एसटीने पाच तास लागायचे, पोर लहान होतं... जाऊ दे, खरं सांगतो, दोनदा त्याच गावावरून गेलो, गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबली, उतरलो नाही. त्या गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं.

आणि ते स्टेजवरचं "मी काहीच नाही, सगळा गौरव प्रभूला" तेवढं बंद कर बाबा. चांगलं वाक्य आहे, मीही वीस वर्षं म्हटलं, पण ते म्हणून झालं की माणूस मोकळा होतो आणि खाली उतरून फोटो काढतो. त्या शोमरोनी माणसाला पाय मागे वळवावे लागले, नुसतं तोंड नाही.

केडगावला मुक्ती मिशनमध्ये 1905 ला संजीवन, म्हणजे मोठी आत्मिक जागृती, आलं, आपण अजून सांगतो. पण त्याच्या आधी जानेवारीत पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेला कोण येतं विचारलं तेव्हा सत्तर एक पोरी उठल्या, मग महिनोन्‌महिने रोज प्रार्थना. त्यातल्या एकीचं नाव सांग बरं. मलाही येत नाही.

तुझ्या शिबिराच्या पोरी-पोरांना तीन दिवस कोणी जेवू घातलं? सतरंज्या कोणी गोळा केल्या? नाव माहीत नसेल तर पाळकांना विचार, लाजू नकोस. त्या तीन मंडळ्यांना आधी हो म्हणू नकोस, आधी तिकडे जा. फोनवर थँक्यू चालणार नाही, घरी जा, चहा दिला तर पी, त्यांच्यासोबत प्रार्थना कर आणि तिथे तरी संदेश देऊ नकोस.

या रविवारीच जा. आलास की फोन कर, नऊच्या आत, नंतर मी गोळी घेऊन झोपतो.